उम्मसाहेब

"काका, उम्मसाहेब गेल्या..." एवढं बोलून सदानंदनं फोन ठेवला. मी अजमानच्या घरात चहा घेत होतो. त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले. इतके दिवस लिहायला बसलो नाही, कारण माझ्या मनात एक अपराधीपण होतं. ते आधी निस्तरायचं होतं.

उम्मसाहेब म्हणजे नलिनीवहिनी, माझा मित्र वसंत याची बायको. लग्नाआधी त्या पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवायच्या. शारजाला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात साड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त निघाली. वसंतचं औद्योगिक क्षेत्रात पंप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. शहाण्णव साली वसंत हार्ट अ‍ॅटॅकनं गेला, तेव्हा त्यांचा मुलगा निखिल जेमतेम विशीचा होता. आम्ही मित्रमंडळी शहाणपण शिकवायला गेलो, की सगळं विका आणि पुण्याला जा. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं, आम्हाला पोहे खायला घातले आणि दुसऱ्या दिवशी निखिलला घेऊन वर्कशॉपमध्ये जाऊन बसल्या.

तिथला अरबाब, म्हणजे ज्याच्या नावावर लायसन्स होतं तो स्थानिक भागीदार, म्हातारा आणि भला माणूस होता. तिकडच्या रीतीप्रमाणे तो वहिनींना 'उम्म निखिल' म्हणायचा, म्हणजे निखिलची आई. फोरमन सदानंद सावंतवाडीकडचा. त्याला वाटलं, उम्म ही शेखसारखी काहीतरी मोठी पदवी असावी. त्यानं अदबीनं पुढे 'साहेब' जोडलं आणि आठवड्याभरात मल्याळी वेल्डरसुद्धा 'उम्मसाहेब' म्हणायला लागला. मी चूक सुधारायला गेलो तर वहिनींनी मलाच गप्प केलं. राहू दे, मला आवडलंय, म्हणाल्या.

का आवडलं, तेही सांगितलं. आठव्या शतकात दक्षिण इटलीत लोंबार्ड लोकांचं एक संस्थान होतं. तिथला सरदार वारला, मुलगा लहान होता, म्हणून त्याची आई त्याच्याबरोबरीनं कारभार बघू लागली. फर्मानं दोघांच्या नावानं निघायची. त्या बाईचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून मी तिला 'तुमची लोंबार्डीण' म्हणायचो आणि वहिनी खूप हसायच्या. वर्कशॉपच्या प्रत्येक पत्रावरही दोन सह्या असत, आधी निखिलची आणि खाली त्यांची. पुढे काय झालं हो तुमच्या लोंबार्डिणीचं, असं मी एकदा विचारलं. मुलगा मोठा झाला, एकट्याचं नाव यायला लागलं, तिचं पुढे कुणी लिहिलं नाही, असं म्हणून त्यांनी विषय बदलला.

पाच वर्षं अशी गेली. निखिल पंचविशीचा झाला, पण वहिनींची खुर्ची मधोमधच राहिली. एकदा एका हॉटेलचा इंजिनिअर आला. पंप किती दिवसांत मिळेल म्हणून त्यानं निखिलला विचारलं. निखिल चार दिवस म्हणाला. इंजिनिअरनं त्याच्या खांद्यावरून वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "छे दिन लगेगा." लागले सहाच. तेच तर दुखणं होतं. त्या संध्याकाळी निखिल माझ्याकडे आला. त्याच्या खिशात दुबईतल्या जेबेल अलीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर होतं. "काका, they ask me and look at her," तो म्हणाला. मी ते वहिनींच्या कानावर घातलं. त्या भडकल्या, पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग लायसन्सच्या नूतनीकरणासाठी आम्ही तिघं अरबाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत गेलो. त्यानं सवयीनं कागद वहिनींसमोर सरकवला. "उम्म निखिल, आप बोलो." वहिनींनी कागद मुलाकडे ढकलला. "अरबाब, निखिल बैठा है, उसको पूछो. मेरा खलास." दुसऱ्या दिवसापासून त्या वर्कशॉपला गेल्या नाहीत. पुस्तकं वाचत घरी बसायच्या, दिवसेंदिवस बारीक दिसायच्या... आणि मला वाटत राहिलं, या बाईला खुर्चीवरून मी उठवलं.

त्या गेल्यावर सहा आठवड्यांनी वर्कशॉपमध्ये जाऊन मी हे निखिलला सांगून टाकलं. तो चक्क हसला. "काका, she never left." रोज सकाळी साडेसातला त्या सदानंदला फोन करायच्या आणि सगळं काम विचारून घ्यायच्या. निखिलला कळू द्यायचं नाही अशी ताकीद होती. सदानंदनं पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकलं होतं. मग निखिलच त्याला शिकवून ठेवायचा, आईला हे विचार, ते विचार. तीन वर्षं हे चाललं. "आईला शेवटपर्यंत पत्ता नव्हता," तो म्हणाला.

सदानंद हात पुसत बाजूलाच उभा होता. "उम्मसायबांक सगळा म्हायत होता," तो खाली बघत म्हणाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, लिहून घेत जा, नाहीतर निखिलला सांगताना विसरशील.

सदानंदनं खिशातून तेलकट डायरी काढून निखिलच्या हातात दिली. शेवटचं पान त्या गेल्या त्याच्या आदल्या सकाळचं होतं. मोठ्या पंपाचं सील बदला. आणि खाली, निखिलला वेळेवर जेवायला सांग.

"हे दुसरं तू मला नाही सांगितलंस."

"कामाचा नव्हता म्हणान..." सदानंद पुटपुटला.

दुपारचे अडीच वाजले होते. निखिलनं डायरी मिटली, बेसिनवर हात धुतले आणि डबा उघडला.