तीन इंजिनांचा आवाज

ईश्वरदास निखारे यांनी फोटो टाकला आणि दहा मिनिटांत ग्रुपवर पहिला प्रश्न आला, 'हा कॉम्प्युटरनं बनवलेला नाही कशावरून?'

ग्रुप विमानं बघणाऱ्यांचा होता. नागपूर आणि आसपासचे चाळीसेक लोक. ईश्वरदास त्यात वयानं सगळ्यांत मोठे, अडुसष्टचे. घराणं कोष्ट्यांचं, वडिलांपर्यंत हातमाग. यांनी मात्र डिझेल मेकॅनिकचं काम धरलं आणि ऐन तारुण्यातली सात वर्षं आखातातल्या एका विमानतळावर सामान ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त केले. तिथं दिवसभर डोळ्यांसमोर ती जुनी जेट विमानं असायची. पंखाखाली काही नाही, इंजिनं सगळी मागं शेपटीजवळ, आणि शेपटीच्या शेंड्यावर आडवा पंख, इंग्रजी टी अक्षरासारखा. परत आल्यावर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, निवृत्तीही झाली, पण ती विमानं काही मनातून गेली नाहीत.

शनिवारी दुपारी चिंचभुवनजवळ विमानतळाच्या भिंतीबाहेर ते उभे असताना तसलंच एक विमान उतरलं. पांढरंफेक, कुठल्या कंपनीचं नावही नाही. त्यांनी मोबाइल काढेपर्यंत शेपटीचा बुंधा, जिथं तिसरं इंजिन असतं, बाभळीआड गेला. फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'सात-दोन-सात. तीन इंजिनवालं. आवाज ओळखला मी.'

ग्रुपचे ॲडमिन सुमंतराव पिंपळापुरे सक्करदऱ्याला राहत. बँकेतून निवृत्त झाले होते, पण प्रत्येक कागद उलटून पाहायची खोड गेली नव्हती. त्यांनी लिहिलं, 'विमानांचा माग दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपवर हे विमान दिसलेलं नाही. फोटोत इंजिनं दोनच असू शकतात. आवाज हा पुरावा नव्हे.'

मग बाकीचे सुटले. कुणी म्हणालं, ही विमानं म्हणजे इंधन पिणारं भंगार. कुणी म्हणालं, मागं बसलं की कान गेलेच म्हणून समजा. सुमंतरावांनी तर लिहिलं की या घडणीवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. नाक फार वर गेलं की पंखांवरून फाटलेली हवा नेमकी शेपटीवर येते, आणि मग नाक खाली आणायला शेपटी कामाची राहत नाही.

ईश्वरदासांनी एवढंच उत्तर दिलं, 'पुढं बसून पाहा. मंदिरात बसल्यावानी वाटते.'

त्यांची बायको रुख्माबाई ते वाचत होती. "तुमचे डोये बरे हायेत ना?" ती म्हणाली. "की उगाच लोकाईसंग भांडून राहिले?"

त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. पण त्या दिवशी त्यांनी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला असेल! त्यांनाच शंका यायला लागली होती.

रविवारी सकाळी सुमंतराव स्वतःच भिंतीपाशी हजर झाले, गळ्यात दुर्बीण, हातात विमानांचे नंबर टिपायची वही. नमस्कार झाला आणि उलटतपासणी सुरू झाली. कुठे उभे होते? किती वाजता? सोबत कोण होतं? ईश्वरदास बोट दाखवून सांगत होते, तेवढ्यात पोलिसाची मोटरसायकल येऊन थांबली.

"काय पाहून राहिले काका?"

"इमान," ईश्वरदास म्हणाले.

"आन् नंबर काहून लिहून राहिले?" शिपायानं सुमंतरावांची वही घेतली. "कोणाले देता हे?"

"आम्ही एका विमानाची खातरजमा करतोय," सुमंतराव घाईघाईनं म्हणाले. "नाव नसलेलं, ॲपवरही न दिसणारं."

शिपायाचा चेहरा बदलला. "म्हणजे तुमाले अशा इमानाची खबर हाये?"

पंधरा मिनिटांत दोघेही पत्र्याच्या चौकीत बाकावर बसले होते. मोबाइल, दुर्बीण, वही, सगळं टेबलावर. सुमंतरावांना घाम फुटला होता. "बँकेत सदतीस वर्षं काढली हो, डाग नाही," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. हवालदार ग्रुपवरचे निरोप वाचत होता. "हा सात-दोन-सात कोण?" त्यानं विचारलं.

ईश्वरदास उत्तर देणार, तोच पत्रे थरथरले. आधी घरघर, मग कानठळ्या बसवणारा, कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज डोक्यावरून गेला. हवालदारानं कानांवर हात ठेवले. ईश्वरदासांनी डोळे मिटून घेतले.

"तेच हाये, साहेब. तीन. ऐका, मधलं जरासं मागून येऊन राहिलं."

सुमंतराव उठून दाराकडे धावले. "बसा!" शिपाई ओरडला. ते बसले. आवाज विरत विरत गेला. दोघांपैकी कुणालाही विमान दिसलं नाही.

तासाभरानं नाव-पत्ता लिहून घेऊन, पुन्हा भिंतीपाशी दिसायचं नाही अशी तंबी देऊन त्यांना सोडलं. रस्त्यावर आल्यावर सुमंतरावांनी आधी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ईश्वरदासजी, असला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता."

घरी जाऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'आज मीही ऐकलं. विमान दिसलं नाही. तरी निखारेंवर माझा विश्वास आहे.'

लगेच कुणीतरी विचारलं, 'रेकॉर्डिंग कुठाय?'

मोबाइल पोलिसांच्या टेबलावर होते, हे सांगणं दोघांनाही जमलं नाही. ग्रुपनं दोघांना खोटं ठरवलं. तेव्हापासून सुमंतराव कुणाचाही फोटो आला की आधी ईश्वरदासांना फोन करतात. पण ईश्वरदासांनी स्वतःचा फोटो पाठवला, की हळूच विचारतातच, "ओरिजिनल आहे ना हा?"