फुकट न दिलेला आकडा

समजा, तुमच्या पुढ्यात एक जळकी मोटर आहे. कव्हर काढलंय, आतलं तांबं काळं पडलंय, आणि जळक्या वार्निशचा वास डोळ्यांत चुरचुरतोय. एका बाजूच्या तारा छिन्नीनं छाटा. आता एका खाचेतली तारांची टोकं मोजा. ती एकमेकांना चिकटलेली असतात. शेकून, नखानं एकेक सुटी करावी लागते. मोजताना कुणी हाक मारली तर ओ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एकशे चार भरली? मग नीट बघा, कंपनीनं दोन-दोन तारा जोडीनं गुंडाळल्यात का. गुंडाळल्या असतील तर वेढे एकशे चार नाहीत, बावन्न. तारेची जाडी मायक्रोमीटरवर घ्या. झालं? अर्धा दिवस गेला. आता हा आकडा जगातल्या कुणालाही, तोंड न बघता, फुकट देऊन टाका.

चितेगावचा कडुबा मिस्त्री हे रोज करतो. तो दानशूर आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कडुबासमोर तसं बोलून बघावं.

"दान कसलं हो?" तो म्हणतो. "मी एकाचं दुकान बंद पाडतोय."

कडुबा त्रेचाळीस वर्षांचा आहे. पैठण रोडला कंपन्यांच्या फाट्याजवळ त्याचं पत्र्याचं दुकान आहे. जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरून द्यायच्या, हा धंदा. तो शिकला बजाजनगरात, बद्रीनाथच्या दुकानात. बद्रीनाथ मालक, कडुबा कामगार, अकरा वर्षं.

या धंद्यात प्रत्येक मालकाची एक वही असते. कोणत्या मोटरला किती वेढे, कोणत्या गेजची तार, जोडणी कशी, सगळं तिच्यात. एकदा मोजलेली मोटर वहीत आली की पुन्हा मोजावी लागत नाही. म्हणून मिस्त्री सख्ख्या भावाला तार उसनी देईल, वही दाखवणार नाही. बद्रीनाथच्या दुकानात रीत अशी होती, की टोकं कडुबानं मोजायची, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि बद्रीनाथनं तो टेबलाशी बसून लिहायचा. लिहून झालं की वही ड्रॉवरमध्ये आणि किल्ली खिशात.

२०१९ साली कडुबानं स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं. निघताना त्यानं एकच गोष्ट मागितली.

"मालक, चाळीसेक मोटरींचे आकडे उतरून घेऊ द्या. माझ्याच हातचे हायेत."

दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली होती. बद्रीनाथ त्यांच्याकडं बघून हसला. "ऐका! उद्या पोस्टमन म्हणंल, पत्रं मी वाटली, म्हणजे माझीच." गिऱ्हाइकंही हसली. "कडुबा, बोटं तुझी होती. बोटांचा पगार दिला. आकडे माझे."

त्या चौघांपैकी दोघांची नावं कडुबाला अजून पाठ आहेत. त्यांच्या मोटरी तो घेत नाही.

तीन वर्षांनी बद्रीनाथच्या मुलानं, आकाशनं, ती वही मोबाइलवर आणली. सगळी टाइप करून पीडीएफ केली आणि जाहिरात सोडली: 'तीस वर्षांचा अनुभव, नऊशे मोटरींचा डेटा, फक्त चौदाशे नव्व्याण्णव.' नमुना म्हणून दहा मोटरी फुकट. जाहिरातीत वहीच्या एका पानाचा फोटो होता. कडुबानं तो बोटांनी ताणून मोठा केला. अक्षर बद्रीनाथचं होतं. पानावर सात मोटरी होत्या आणि सातही त्यानं मोजलेल्या होत्या. एकीच्या वेळी अंगठ्यात तार घुसून पू झाला होता, तेही त्याला आठवलं.

कडुबाची थोरली मुलगी तनुजा तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं बापाला त्याचे आकडे टाकायला ब्लॉग काढून द्यायचं कबूल केलं, पण आधी समजावून सांगितलं.

"पप्पा, थोडं फुकट द्यायचं. लोक जमले की उरलेलं विकायचं. आकाश तेच करतोय. ह्याला मार्केटिंग म्हणतात."

"आन् सगळंच फुकट दिलं तर त्याला काय म्हणतात?"

"येडेपणा."

"मंग तेच करू. मला इकायचंच नाय. मला त्याचं इकणं बंद करायचंय."

कडुबानं हे काम अगदी हिशेबानं केलं. चितेगावला आल्यापासून उघडलेल्या प्रत्येक मोटरचा आकडा त्याच्याकडं होता. रोज सकाळी तो आकाशची जाहिरात बघायचा. आकाशनं 'पाच एचपीचा खास डेटा आतमध्ये' असं लिहिलं की दुपारपर्यंत कडुबाच्या ब्लॉगवर पाच एचपीच्या चार मोटरी, छाटलेल्या कॉइलच्या फोटोसकट. आकाशनं कंप्रेसरच्या मोटरींचा व्हिडिओ टाकला की कडुबाच्या कंप्रेसरच्या मोटरी तयार. नसली तर तो भंगारवाल्याकडून जळकी मोटर आणून फोडायचा. बायको रूपा म्हणायची, "गिऱ्हाइकाचं काम पडलंय आन् तुम्ही भंगार मोजत बसलाय." तो बोटानं गप्प राहायची खूण करायचा, कारण मोजणी चालू असायची.

पीडीएफ चौदाशे नव्व्याण्णवची सातशे नव्व्याण्णववर आली. दिवाळीच्या आसपास दोनशे नव्व्याण्णव. कडुबानं त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही.

फोन यायला लागले. परभणीहून, अकोल्याहून, एक तर बेळगावहून. त्यातल्या एकानं मात्र त्याचं डोकंच फिरवलं.

"मिस्त्री, तुमचा डेटा एकदम बरोबर हाये बरं का."

"व्हय. कसं कळलं?"

"त्या बजाजनगरवाल्याची पीडीएफ इकत घेतली. दोन्ही जुळले. तेव्हा खात्री पटली."

"अरे, मंग इकत कशाला घेतली?"

"फुकटाचा काय भरवसा, दादा?"

कडुबानं फोन ठेवून दिला.

त्याच माणसाकडून त्यानं पीडीएफ मागवली. तनुजाच्या लॅपटॉपवर पान-पान खाली सरकवत गेला आणि एका ओळीवर थांबला. साडेसात एचपी, नऊशे साठ स्पीड, अडतीस वेढे.

ही मोटर त्याला चांगली आठवत होती. २०१५ साली ती दुकानात आली. उघडल्याबरोबर त्याला दिसलं, की कॉइल बांधलेला दोरा साधा सुती होता आणि तारेवरच्या नळ्या दोन रंगांच्या होत्या. म्हणजे ही कंपनीनं भरलेली नव्हती, मधे कुणीतरी भरलेली होती, आणि त्यानं किती वेढे घातले होते याला काही धरबंध नव्हता. त्यानं तसं सांगितलं. "मालक, ही नका लिहू वहीत." बद्रीनाथनं पेन उघडलंच होतं. "तू मोज. लिहायचं काम माझं." चार महिन्यांत मोटर जळून परत आली, तेव्हा बद्रीनाथ सगळ्यांसमोर ओरडला, "बोटं झोपली व्हती का रे?" पुढे चितेगावात त्याच बनावटीची दुसरी मोटर आली, कंपनीनंच भरलेली. वेढे निघाले चव्वेचाळीस. अडतीसवर ती गरम होणारच, आज नाही तर चार महिन्यांनी.

बद्रीनाथनं वहीतला आकडा कधी सुधारलाच नव्हता. तो आता विकला जात होता.

"पप्पा, आपल्याकडं हिचा बरोबर आकडा आहे. टाकू का?" तनुजानं विचारलं.

"ही नाय टाकायची."

"का?"

"जळू दे."

तिनं बापाकडं पाहिलं. तो शांत होता, आणि तेच तिला आवडलं नाही. "पप्पा, मोटरी दुसऱ्यांच्या जळतील."

"आन् नाव त्याचं जळंल. पैसे घेऊन खोटा आकडा दिला म्हणून लोक दारात येतील. मला काहीच करायचं नाय. बसून बघायचंय."

सात महिने त्यानं बसून पाहिलं. या काळात ब्लॉगवर दीडशे मोटरी चढल्या. ही एक चढली नाही. सकाळच्या चहाबरोबर तो आकाशच्या पानावरचे शेरे वाचायचा, कुणी शिव्या घातल्यात का ते बघायला. 'छान माहिती', 'धन्यवाद सर', हात जोडल्याची चित्रं. एकही शिवी नाही. त्याला कोडं पडलं. एवढ्यात दोन-चार तरी जळायला हव्या होत्या.

मग एका दुपारी शेंद्र्याहून माऊली आला. तिशीचा, तिथं मोटरी भरायचं स्वतःचं छोटं दुकान असलेला. ब्लॉग नेमानं वाचणारा. बायपासनं लोडिंग रिक्षात मोटर घालून आला होता. दोघांनी ती उतरवली. साडेसात एचपी, नऊशे साठ स्पीड.

"मामा, दोन डाव भरली, दोन्ही डाव जळली," माऊली म्हणाला. "ज्या कंपनीची मोटर, तिनं माझं काम बंद केलं. आता ही भरून दाखवली तरी परत देतील असं नाय. पण मला कळायला पायजे का माझा हात कुठं चुकतोय."

"किती वेढे घातले?"

"अडतीस."

"कुठून आणला आकडा?"

"बजाजनगरचा. इकतचा हाये, म्हणून आकड्यात खोट नसंल. माझ्याच हातात खोट हाये."

तनुजा लॅपटॉपवरून मान वर करून ऐकत होती. कडुबानं सात महिने वाट पाहिलेली जळकी मोटर त्याच्या समोर होती, आणि ज्यानं ती भरली होती तो बद्रीनाथला नव्हे, स्वतःच्या हाताला शिव्या देत होता. शेरे का येत नव्हते, ते त्याला आता कळलं. पैसे देऊन घेतलेल्या आकड्यावर कुणी संशय घेत नव्हतं.

"आकडाच खोटा हाये," कडुबा म्हणाला. "चव्वेचाळीस पायजेत."

माऊली खाली बसला. "चव्वेचाळीस? मामा, मी आधी तुमच्याच ब्लॉगवर शोधली व्हती. तीन दिवस शोधली. तुमच्याकडं असती तर त्याला कशाला पैसे दिले असते?"

कडुबाच्या आधी तनुजा बोलली. "होती. आमच्याकडं होती."

"होती? मंग टाकली का नाय?"

आता कडुबाला उत्तर द्यावंच लागलं. "त्याचं नाव जळावं म्हणून."

माऊलीनं मोटरीवर हात ठेवला. "त्याच्या नावाला काय बी झालं नाय, मामा. मी तर दोघांना सांगितलं, त्याच्याकडनं घ्या म्हणून."

तो चिडला असता तर कडुबाला सोपं गेलं असतं. तो चिडला नाही, फक्त पाणी मागितलं.

मोटर कडुबानं स्वतः भरली. मजुरी घेतली नाही, आणि माऊलीबरोबर त्या कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याकडं जाऊन, "ह्याचा हात चांगला हाये, आकडा खोटा मिळाला व्हता," असं सांगूनही आला. मेंटेनन्सवाला "बघू" म्हणाला. ब्लॉगवर त्यानं चव्वेचाळीस टाकला आणि खाली मधे कुणीतरी भरलेली मोटर कशी ओळखायची ते लिहवून घेतलं. दोरा, नळ्या, जोडाचं झाळकाम.

"आता खाली लिही," त्यानं तनुजाला सांगितलं, "बजाजनगरच्या बद्रीनाथची पीडीएफ खोटी हाये. नावानिशी लिही."

"तो आकडा मोजला कुणी, असं लोकांनी विचारलं तर?" तनुजा म्हणाली.

माऊली तिथंच होता. तो म्हणाला, "नाव नका टाकू, मामा. लोक म्हणतील ह्यांचं भांडण हाये, कुणाचा आकडा खरा ते देव जाणे. मंग चव्वेचाळीसवर बी कुणी भरवसा ठेवणार नाय."

कडुबानं दोनदा लिहवलं आणि दोनदा खोडायला लावलं. शेवटी फक्त एवढंच लिहवलं: 'अडतीस हा आकडा बाजारात फिरतोय. तो २०१५ साली मी मोजला. तो चुकीचा आहे.' स्वतःचं नाव टाकलं. बद्रीनाथचं राहिलं, आणि ते टाकता आलं नाही म्हणून त्या दिवशी तो जेवला नाही.

आठवड्यानं बद्रीनाथचा फोन आला. पाच वर्षांत पहिला.

"कडुबा, बरा हायेस ना?"

"बोला."

"ते साडेसातचं आकाशनं सुधारून घेतलं. नवी आवृत्ती काढली, 'तपासलेला डेटा' म्हणून. ज्यांनी आधी घेतली त्यांना बी पाठवली. लोक लई खूश. चूक कबूल करणारं दुकान हाये म्हणतात." तो हसला. "किंमत बी वाढवली थोडी. तुझे उपकार झाले बाबा. आधीच सांगायचंस."

"आधीच सांगितलं व्हतं, मालक. तुमच्या टेबलापाशी उभा राहून."

"असं? मला तर नाय आठवत."

कडुबानं फोन ठेवला आणि पुढच्या मोटरची टोकं मोजायला बसला. मोजणी तीनदा चुकली.

ब्लॉग चालू आहे. बंद केला तर माऊलीसारखे बजाजनगरला पैसे भरायला जातील, म्हणून बंद करता येत नाही. चालू ठेवला तर आकाश आकडे उचलून 'तपासलेला' म्हणून विकतो. एखादा दाबून ठेवला की काय होतं ते त्यानं पाहिलंय. मेंटेनन्सवाल्याचा माऊलीला अजून फोन आलेला नाही.

दुकानात कुणी शिकलेला माणूस आला, की कडुबा त्याला स्टूल देतो, चहा सांगतो, सगळी हकीकत ऐकवतो आणि हात पुसत विचारतो, "तुम्ही शिकलेले हायेत म्हणून विचारतो. दिलं तरी त्याचंच भलं, नाय दिलं तर दुसऱ्याचं वाटोळं. मंग त्या एकट्यालाच झळ लागंल, असं मी करू तरी काय?"