कुलपातला शाईपॅड

मुलांनो, माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून आपल्या स्वयंपाकाच्या इंदूबाईंची सही आहे. ती कुणामुळे, हे आत्ताच सांगून ठेवते.

नव्वदच्या दशकात सुरतेत, लिंबायतच्या बँकेत एक कारकून होते. अंगठ्याचा शाईपॅड ते कुलपात ठेवत आणि खानदेशातून आलेल्या लूम-कामगारांना अहिराणीत म्हणत, "भाऊ, पहिले नाव लिख. मी थांबस."

रांग खोळंबते असा ठपका ठेवून त्यांची कच्छला बदली झाली. ते हायकोर्टात गेले. मी त्याच बँकेत होते; त्यांचा इंग्रजी अर्ज मी तपासला आणि आईच्या आजाराचं कारण घालायला सुचवलं.

"नको, ताई. आई माझ्यापेक्षा धडधाकट आहे."

चौकशीविना दिलेली शिक्षा म्हणून कोर्टानं बदली रद्द केली. परत येताच त्यांनी पॅड पुन्हा कुलपात टाकला. त्या दिवशी रांगेत इंदूबाई होत्या.

त्यांची सही अजून वाकडीच आहे, पण अंगठा त्यांनी पुन्हा कधी उठवला नाही.