डोलारा तळ्यातली पालथी माय

चांद्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून मी पार कंटाळलो होतो. वर्गात पंचेचाळीस पोरं आणि टेबलावर वर्षानुवर्षं तोच एक मातीचा पेरू. त्या वर्षी एका वस्तुसंग्रहालयात चित्रकाराची जागा निघाली. तिथल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "कुणी न नोंदवलेली मूर्ती शोधा, तिचा कागदावर ठसा घेऊन या. जागा तुमची." हा स्वार्थ मनात ठेवूनच मी दिवाळीच्या सुट्टीत भांदकला निघालो. गोष्ट पन्नासच्या दशकातली आहे. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि भद्रावतीला सगळे भांदकच म्हणत.

पहाटेच्या पॅसेंजरने तासाभरात पोचलो. स्टेशनाबाहेर लहानूभाऊ नावाच्या गाडीवानाचा छकडा उभा होता. एका रुपयात दिवसभर फिरवायचं कबूल झालं.

आधी विजासनची लेणी पाहिली. आत गारवा, अंधार, आणि डोळे सरावल्यावर समोर बसलेले शांत बुद्ध. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो आणि नोकरीचं साफ विसरलो. तुम्ही जाल तेव्हा उन्हाच्या आत जा, आणि बरोबर कंदील नाहीतर टॉर्च ठेवा. मग नागमंदिर झालं. पण मूर्ती जी दिसे ती आधीच कुणीतरी नोंदवलेली. भाकरी-ठेचा खाताना माझं तोंड पडलेलं बघून लहानूभाऊ म्हणाले, "चला जी मास्तर, तळ्यातलं बेट पाहून घ्या. नाराज काऊन होऊन राह्यले?"

डोलारा तळ्यात एक बेट आहे, आणि काठापासून तिथवर जुना दगडी पूल. जाडजूड खांबांच्या दोन रांगा, वर तुळया, चुन्याचा पत्ता नाही. पुलाच्या दोन्ही अंगांना शिंगाड्याचे वेल पसरले होते. बेटावर पडके दगड होते, पण नवं काही नाही.

परतताना मात्र पुलाच्या तोंडाशी, घाटावर थबकलो. एक बाई ज्या दगडावर लुगडं आपटत होती, त्याच्या कडेने कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या होत्या. म्हणजे खालच्या अंगाला मूर्ती! माझं डोकंच फिरलं.

"अहो, देवाच्या अंगावर धुणं धुता? लाज नाही वाटत?"

बाईने शांतपणे लुगडं पिळलं. तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांची सारजाबाई ती. हे शिंगाडे तिच्याच घरचे. "ओरडता काऊन जी? ही तळ्याची माय हाये. तिचं तोंड पाण्याकडं हाये. आमी शिंगाडे तोडाले उतरतो, वेलात पाय अडकते. ती खालून पाहून राह्यते." मग पिळलेलं लुगडं झटकत म्हणाली, "एका सायबानं फोटोसाठी उलथी केली, तशीच टाकून गेला. त्याच हंगामात माहा भाऊ वेलात गुतला. वर नाई आला."

मी खजील झालो. खरं सांगतो, तरी हाव सुटली नाही. मी ठसा मागितला.

योगायोगाने त्या दिवशी शिंगाड्यांची पहिली तोड होती. त्याआधी मायला क्षणभर उताणी करून हळद लावतात, शिंगाडा दाखवतात आणि पुन्हा पालथी घालतात. तोवर कुणी पाण्यात पाय घालत नाही. "हळद सुकेपर्यंत घ्या तुमचा ठसा," ती म्हणाली. तोडीसाठी घाटावर जमलेल्या चौघांनी दगड उलटला. काय चेहरा होता! गोल, भरलेला, पापण्या खाली झुकलेल्या. मी कागद पसरला आणि पेन्सिल घासू लागलो. एक डोळा उमटला.

तेवढ्यात सारजाबाई किंचाळली. पल्याडच्या अंगाला तिचा नवरा, इकडचं काम झालं असं समजून, डोंग्यातून, आपल्या छोट्या होडीतून, वेलात उतरला होता. ती हाका मारत होती. वारा उलटा, त्याला ऐकू जाईना. "मास्तर, सोडा! माहा मानूस पाण्यात हाये!"

आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर चेहरा पुरा झाला असता. मी कागद ओढला आणि त्या चौघांबरोबर दगडाला खांदा लावला. माय पालथी झाली. दूर पाण्यात तो माणूस निवांतपणे शिंगाडे तोडत होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सारजाबाई घाटावर बसून रडली, मग तिने माझ्या पिशवीत ओंजळभर शिंगाडे घातले.

चांद्याला आल्यावर साहेबांना पत्र लिहिलं: लेणी पाहिली, पूल पाहिला, नवीन काही सापडलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. मी निवृत्त होईपर्यंत पोरांकडून तो पेरूच काढून घेतला. कधीकधी वाईट वाटतं, नाही असं नाही.

देवभोळा मी कधीच नव्हतो. पण माझी मुलगी पहिल्यांदा इरई नदीत पोहायला गेली, त्या सकाळी मी ट्रंक उघडली आणि तो एका डोळ्याचा कागद खिडकीत उभा केला. तोंड नदीकडे केलं. ती ओल्या केसांनी घरी येईपर्यंत मी तो हलवला नाही.