पुरलेली केबल

कुठेही कामाला गेले की काका आधी त्या घराचा मेन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकत. नुसता स्विच बंद केला तर कोणीतरी येऊन चालू करील, अशी त्यांची खात्री. म्हणून या वायरमनला गल्लीत फ्यूजकाका म्हणत.

त्यांच्या मोठ्या बहिणीने, आक्काने, मागच्या अंगणात शिलाईची खोली बांधली आणि गणवेशांचं काम आधीच अंगावर घेतलं. वीज पास झाल्याशिवाय मशिनं फिरणार नव्हती. जमिनीखालची केबल टाकायचं काम काकांनीच घेतलं. केबल कोणी उपसून नेईल या धास्तीने त्यांनी तपासणीची वाट न पाहता चर बुजवूनही घेतला.

तपासणीला आलेले वीज खात्याचे इन्स्पेक्टरसाहेब नेमके तिथेच अडले. चर उकरा म्हणाले. केबल पाइपात आहे, नियमाला धरून आहे, असं काकांनी ठासून सांगितलं. अंगणातून टेम्पो जातो तिथे केबल जास्त खोल लागते, साहेब म्हणाले. तेवढी आहेच, काका म्हणाले.

"तुम्ही पाहिलीत. मी कुठे पाहिलीय?"

काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी चहा पुढे केला, साहेबांनी नको म्हटलं. आक्काने शर्ट शिवून द्यायची तयारी दाखवली, तोही नको. मग तर संशय बळावलाच. जो काहीच घेत नाही, त्याला काहीतरी मोठं हवं असणार.

धुसफुसत काकांनी कुदळ उचलली. टेम्पोच्या वाटेवर दोन घाव घातले तोच पाइप लागला, जेमतेम वीतभर खाली. त्याखाली खडक होता. चर खणून, पाइप घालून बुजवला होता तो काकांच्या मेहुण्याने, बायकोच्या भावाने, आणि काका सारा वेळ केबलच्या वेटोळ्यावर राखण करत बसले होते, चराकडे पाठ करून.

"भाऊजी, एवढ्यावर भागणार नाही का?" मेहुण्याने हळूच विचारलं.

काकांनी खडक स्वतः फोडला, केबल खोल घातली आणि साहेब पुन्हा येईपर्यंत उघड्या चराशेजारी खुर्ची टाकून बसले.

साहेबांनी टेपने खोली मोजली. "लाइन बंद आहे ना?"

काकांनी खिशातून फ्यूज काढून दाखवला. साहेबांनी मान डोलावली, शेजाऱ्यांच्या चालू प्लगात आपला टेस्टर चालतो ना ते तपासून आले, आणि मगच तो केबलला लावला.

काका बघतच राहिले. सही झाल्यावर आक्काला म्हणाले, "माणूस भरवशाचा आहे गं. कोणावर विश्वास ठेवत नाही."