मागे बघणारे मामा

मामा चालताना सारखे मागे बघायचे. गुंदच्या जंगलात मजुरी करण्यात जन्म गेला होता, तरी दर वळणावर थांबून मान वळवायचेच. आम्ही मुलं हसायचो. "मामा, वाघ आला काय मागनं?" ते शांतपणे म्हणायचे, "वाघ न्हाई गं. परतायची वाट उलट्या तोंडाची असती. जातानाच तिची वळख करून ठेवायची."

मी बेळगावला विमान चालवायला शिकत होते. एकटीने लांब उडायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी पेढे मागितले, मामांनी नकाशा मागितला. मी टॅबलेट उघडला. त्यावर माझ्या उड्डाणाची जांभळी रेघ होती, उंच डोंगर लाल दिसत होते.

"रविवारी अकराला गुंदवरून जाणार आहे मी. एकटी."

त्यांनी बोटाने गुंद शोधलं. नकाशात ते नव्हतंच, नुसते उंचीचे आकडे होते.

"आनि हे बंद पडलं तर?"

"कागदी नकाशा असतो, मामा."

"व्हय. पर मागं बघतीस का?"

मला भीती वाटते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी सुपा धरणाचं पाणी ओलांडलं आणि मामांची आठवण होऊन एकदा मागे पाहिलं. पाण्यात घुसलेली डोंगराची एक लांब सोंड दिसली. पुढे ढग डोंगरांवर टेकले होते. पडद्यावरची रेघ मात्र सरळ त्यांच्यात शिरत होती. तेवढ्यात उन्हाने तापून टॅबलेट बंद पडला. एका हाताने कागदी नकाशा उलगडेना. मी विमान वळवलं, ती सोंड शोधली आणि परत आले.

गुंदला रेंज नाही. मामी टेकडीवर चढून आली तेव्हा कुठे फोन लागला, दोन वाजता.

"बाय माझे, तू हाईस? अकरापास्नं मळ्यात उभं हुते ते. इमान आलं न्हाई म्हणून कोयता घेऊन रानात गेले की तुला हुडकायला!"

त्यानंतरचे चार तास मी फोन हातात धरून बसले होते. माझं विमान सुखरूप होतं, आणि मामा न आलेलं विमान शोधत वाघाच्या रानात फिरत होते. दिवस मावळताना टेकडीवरून त्यांचाच फोन आला.

"परत फिरलीस, बेस केलंस." मग म्हणाले, "पर मला कसं कळायचं, पोरी?"

मामा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मळ्यावर मी माझ्या नकाशात खूण केली आहे आणि तिला गुंद असं नाव दिलं आहे. आजही वाटेतून परत फिरावं लागलं की ढगांची भीती लवकर जाते. दुसरी राहते: खाली कुणीतरी कोयता घेऊन मला शोधायला निघालं असेल.