आभाळावरचा आळ

डोंगर चढताना काझी सर प्रत्येकाला काहीतरी विचारीत, आणि उत्तर त्यांना पूर्ण वाक्यांत हवे असे. "शिंदे सर, भूगोल शिकवता ना? बालाघाटाची माहिती सांगा की, लई दिवस झाले ऐकून." मी सांगू लागे आणि ते माझ्या मागून ऐकत येत. त्यांना भूगोलात एवढा रस का, ही शंका मला कधी आली नाही. बाकी अनेक आल्या.

गेवराईच्या आमच्या शाळेत ते व्यायामशिक्षक होते. उन्हाळी सुटीत आम्ही सहा-सात जण पाठीवर बिऱ्हाड घेऊन बालाघाटाच्या रांगेत दोन-तीन दिवस हिंडत असू. सुटी मे महिन्यात, आणि वळवाची वादळेही त्याच महिन्यात. म्हणून सगळा बेत काझी सर आखीत: उजाडण्यापूर्वी निघायचे, दुपारी वीज कडाडण्याआधी उघडे पठार सोडायचे, मुक्काम खाली वस्तीजवळ करायचा.

त्यांचा अविश्वास ढगांपेक्षा माणसांवर अधिक. एकदा पठारावर असताना पश्चिमेला काळे आभाळ उभे राहिले, गार वारा सुटला, आणि आमचे बँकेतले मित्र मुळे सॅक खाली ठेवून हात पसरून उभे राहिले. आम्हीही थबकलो. काझी सर ओरडले, "चला बे! ढग दिसला की दुसरे लोक पळतात. आपण दुष्काळी माणसं, पाव्हणा आल्यागत उभं ऱ्हातो!"

"सर, पाव्हण्याला पाणी तरी विचारू द्या," मुळे म्हणाले.

"त्योच पाजंल तुमाला. उचला ती सॅक!"

पुढे मात्र परतण्याची वेळ दरवर्षी अलीकडे येऊ लागली. आधी बारा, मग अकरा, मग दहा. आभाळ लख्ख असताना सर थांबत, पश्चिमेकडे पाहून डोळे बारीक करीत आणि म्हणत, "मला ह्या आभाळाचा भरवसा वाटंना. फिरा माघारी." मी तिकडे पाही, तिथे काहीच नसे. सर निवृत्तीला आले होते. गुडघे थकले असावेत, आणि मानी माणूस आभाळावर आळ घेत असावा, असा माझा संशय होता. ते खिशातून हळूच काढीत ती पुडी औषधाची असणार, अशीही माझी खात्री झाली. पुडीत बडीशेप निघाली, तरी संशय गेला नाही.

सरांसोबतच्या शेवटच्या सहलीत त्यांनी पठारावर पाऊल टाकताच माघार सांगितली. पलीकडचा कडा समोर दिसत होता. मी अगदी हळू आवाजात म्हणालो, "सर, तुमची तब्येत बरी नसेल तर तुम्ही उतरा. आम्ही कड्यापर्यंत जाऊन येतो."

त्यांनी मला निरखून पाहिले. "माझी तब्येत? न्हाई बरी. पण एकट्यानं उतरवणार न्हाई. तुमी संगं चला."

मी मनातून नाराज होऊन उतरू लागलो. दर वळणावर थांबावेसे वाटत होते. थांबत होतो तो मीच. दुपारी ढग चढले तेव्हा बाकीचे मेंढपाळांच्या वस्तीवर केव्हाच पोहोचले होते. आम्ही दोघे शेवटच्या उतारावर असताना मागे पठारावर वीज कोसळली. वस्तीवर टेकल्यावर पाहिले, तर सरांच्या पाठीवर त्यांची सॅक होती आणि छातीशी माझी. ती त्यांनी केव्हा घेतली, मला आठवेना.

दम परतल्यावर मी विचारले, "सर, दरवर्षी लवकर का फिरवत होता?"

"ढग त्याच टायमाला येतो. उतरायला टाईम जास्त लागायला लागला."

"तुम्हाला?"

त्यांनी बडीशेपेची पुडी पुढे केली. "पूर्वी तुमी माथ्यापर्यंत बालाघाट सांगायचे. आता निम्म्या चढातच संपतोय तुमचा बालाघाट. डाक्टरकडं जा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी पुन्यांदा आले असते का? आभाळाला नावं ठेवली, ते काय रुसतंय व्हय?"

डॉक्टरांनी हृदयाचा दोष वेळेत ओळखला. काझी सर निवृत्त होऊन परळीला मुलाकडे गेले. बेत आता मी आखतो. यंदा चढताना मी मुळ्यांना बँकेतल्या गमती विचारीत होतो. निम्म्या वाटेवर ते नुसते 'हं' म्हणू लागले. मी थांबलो. आभाळ लख्ख होते.

"मुळेसाहेब, मला या आभाळाचा भरवसा वाटत नाही."

त्यांनी आधी पश्चिमेकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती नजर माझ्या चांगल्याच ओळखीची होती.

"शिंदे सर, गुडघे दुखतात का हो?" त्यांनी हळूच विचारले.

"फार दुखतात," मी म्हणालो. "तुम्ही जरा माझ्यासोबत उतरा."